राखणीची झोप

"मी झोपलेलो न्हाई. डोळं मिटल्यात निस्तं."

तासगावच्या आमच्या बेदाणा शेडवरचे राखणदार काका खुर्चीत बसल्या बसल्या हे सांगायचे, तेही आम्ही काही विचारायच्या आधीच. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण ह्यांचे डोळे खरोखरच घडीघडी उघडायचे. पलटणीतली जुनी सवय असेल, असं आम्ही बेदाणा निवडणाऱ्या बाया सुरुवातीला समजायचो.

सवय नव्हती ती. शेजारी त्यांची बायको बसलेली असे. तिला विसरण्याचा आजार झाला होता. घर, नवरा, स्वतःचं नाव, सगळं पुसलं गेलं होतं. पाय तेवढे चालायचं विसरले नव्हते. उठायची की निघायची. म्हणून काका तिच्या पदराचं टोक आपल्या मनगटाला बांधून बसत. ते ताणलं की जागे.

त्या उन्हाळ्यात शेडमागच्या खडीत टिटवीनं चार अंडी घातली. काकांनी भोवती दगड मांडले, ट्रॅक्टरवाल्याला दम भरला. एकदा मला बोलावून अंड्यांवर बसलेली टिटवी दाखवत म्हणाले, "बघ, डोळा मिटती, उघडती. कुत्रं, मुंगूस, कावळा, समद्यांवर ध्यान. आन झोपबी त्यातच."

"दमत नसंल व्हय, काका?"

"नर जवळ हुबा असला म्हंजी जरा जास्त मिटती." मग बायकोकडं बघून त्यांनी मनगटावरची गाठ चाचपली.

एका दुपारी त्यांची मान सारखी कलंडत होती. मीच म्हणाले, "काका, आत पोत्यांवर पडा घटकाभर. मी बसते काकूंजवळ."

त्यांनी गाठ सोडून पदर माझ्या हातात दिला. पाच मिनिटांत घोरायला लागले. त्यांचं घोरणं आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. हसलोसुद्धा.

तेवढ्यात माल न्यायला टेम्पो आला. हाका सुरू झाल्या. मी पदर काकांच्या रिकाम्या खुर्चीला बांधला आणि दोन क्रेट देऊन येते म्हणून उठले. दोनाचे किती झाले, कळलं नाही. परत आले तर खुर्ची आडवी पडलेली, गाठ सुटलेली. काकू शेजारच्या द्राक्षबागेच्या शेततळ्यात सापडल्या. त्या तळ्यातला प्लास्टिकचा कागद इतका निसरडा, की धडधाकट माणसालाही वर चढता येत नाही.

त्या गडबडीत टिटवीची पिल्लं कधी बाहेर पडली, कुठं गेली, कुणीच पाहिलं नाही.

दहाव्यानंतर मी त्यांच्या घरी गेले. "काका, मी उठून गेले होते."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "तुला काय बोलू? झोपलो मी."

मी रडायला लागले. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या.

पलूसला लेकीकडं ते कायमचे निघाले, तेव्हा मी स्टँडवर गेले. एसटीत ते खिडकीशी बसले, पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली. एका बाईनं विचारलं, "हितं कोण हाय का?"

"हाय की."

ती उभीच राहिली. गाडी सुटताना त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि तिच्याकडं न बघताच म्हणाले, "बसा."