मोंबासावाला शिंपी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. देवापुढे उभा राहिलो तेव्हाही नाही — तिथेही दुसरंच काहीतरी पुटपुटून आलो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जीभ उचलते आहे. पण सुरुवात कुठून करू?

रत्नागिरीत माझं शिवणाचं दुकान आहे. लोक मला मोंबासावाला शिंपी म्हणतात. तरुणपणी मी आफ्रिकेत दोन वर्षं काढली, असं सगळे मानतात. परदेशी जाणारा कुणीही — मोंबासा असो, बसरा असो, रंगून असो — निघण्याआधी माझ्याकडे यायचा. मी त्याच्या बंडीला आतून चोरखिसा शिवून द्यायचो आणि वर चार गोष्टी सांगायचो. सगळे पैसे एका जागी ठेवू नका. बोटीवर कुणी गोड बोलून पत्ते खेळायला बसवलं तर उठून या. हमालाच्या हातात ट्रंक देण्याआधी मजुरी ठरवा. लोक मान डोलवायचे.

मी मोंबासा पाहिलेलंच नाही.

तिकीट काढलं होतं, ते खरं. मुंबईच्या धक्क्यावर रांगेतही उभा होतो. शिडीपाशी आलो आणि पाय उचलेनात. मागचे लोक ढकलत होते — मी बाजूला झालो. बोट सुटली. निरोप द्यायला आमची अख्खी आळी रत्नागिरीच्या बंदरावर आली होती. आता घरी कुठल्या तोंडाने जाणार? धक्क्याजवळच्या एका शिंप्याकडे दोन वर्षं काज-बटणं केली. तिथे येणाऱ्या खलाशांच्या गप्पा ऐकल्या. घरी लिहिलेली पत्रंसुद्धा त्यांच्याच हाती देऊन तिकडून टाकायला लावली. मग एक हॅट विकत घेतली आणि परत आलो.

एवढ्यावर राहिलं असतं तर म्हातारपणी हसत सांगितलंही असतं. पण सरूवहिनी —

शेजारच्या गोविंद सुताराची बायको. गोविंद खराखुरा गेला होता. मोंबाशापासून आत, लांब, रेल्वेच्या कामावर होता. तीन वर्षांनी त्याने बायकोला आणि पाच वर्षांच्या शांतीला बोलावून घेतलं. निघण्याआधी वहिनी दुकानात आल्या. मुलीची गोधडी माझ्यापुढे ठेवली.

"भावजी, तुम्ही जाऊन आल्यांत. पैसे कुठे ठेवू? कोणी विचारलान तर काय सांगू?"

गोविंदाने पाठवलेल्या नोटा मी गोधडीच्या अस्तरात घालून बारीक टाक्यांनी शिवल्या. आणि म्हणालो, "साहेब असो, शिपाई असो, जवळ काही नाही म्हणून सांगा. पैसा दाखवलात की गेला."

हे वाक्य एका खलाशाचं. तो बोलत होता तिथल्या दारूच्या गुत्त्यांबद्दल. धक्क्यावरच्या साहेबाबद्दल नव्हे. मला ठाऊक नाही, असं म्हणता आलं नसतं का मला? आलं असतं. पण दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती — आणि ती ऐकत होती.

बोट एक दिवस आधी पोचली. गोविंद अजून आगगाडीतच होता. उतरणाऱ्याला तिथला साहेब दुभाष्यामार्फत विचारायचा, घ्यायला कोण आलंय? कुणी नसेल तर जवळ पैसे किती? चार दिवस निभावण्याइतके दाखवले की उतरू द्यायचे. वहिनींनी गोधडी छातीशी धरली आणि सांगितलं, काही नाही. त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. त्यांना बोटीवरच ठेवून घेतलं. संध्याकाळी बोट पुढे निघाली, आणि फेरी पुरी करून तिने मायलेकींना मुंबईला आणून सोडलं. गोविंद धक्क्यावर आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी.

परतल्यावर वहिनी माझ्याकडे आल्या. गोधडीचा एकही टाका निघालेला नव्हता. मी कात्रीने उसवायला लागलो. त्या समोर बसून सगळं सांगत होत्या — कुणालाही बोल न लावता. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही सांगितलांत तसांच केलां मी. माझां काय चुकलां, भावजी?"

काय चुकलं होतं त्यांचं?

मी कात्रीवरची नजर उचलली नाही. म्हणालो, "तुम्ही घाबरलात, वहिनी. घाबरलेला माणूस खोटा वाटतो. धीटपणे सांगायला हवं होतंत."

त्यांनी निघालेले दोरे वेचून मुठीत घेतले. मग म्हणाल्या, "व्हय. घाबरल्ये खरी."

गोविंद त्यांना पुन्हा बोलावणार होता. पुढच्याच वर्षी तो तापाने गेला. सोबत्यांचं पत्र आलं. ते वाचायला त्यांनी मलाच बोलावलं — तिकडच्या गावांची नावं मला नीट वाचता येतील म्हणून. मी वाचलं. नावांवर अडखळलो, तर घरातल्यांना वाटलं माझा गळा दाटून आलाय.

सासू मरेपर्यंत वहिनींना ऐकवत राहिली — नवऱ्याच्या दारात जाऊन परत आली. वहिनी कधी उलटून बोलल्या नाहीत. कशा बोलतील? चूक आपलीच, असं त्यांनाही वाटत होतं. मी दर दिवाळीला शांतीला परकर-पोलकं शिवून द्यायचो, शिलाई घ्यायचो नाही. वहिनी आळीत सांगायच्या, भावजी म्हणजे देवमाणूस. मी ते ऐकून घ्यायचो.

दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या.

गेल्या महिन्यात शांती लग्नाच्या चोळ्या शिवायला टाकायला आली. बरोबर तिची मैत्रीण होती. मी मापाची चोळी उलटी करून पाहत होतो, आणि शांती तिला सांगत होती, "आई माझी भित्री गो. साहेबापुढे बोलताच आलां नाही तिला. नाहीतर बाबांचा चेहरा तरी बघितला असता मी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही तिला आधीच बजावलां होतांत ना, काका, न घाबरता बोल म्हणून?"

मी म्हणालो, "व्हय."