गाऱ्हाण्याला व्हय म्हणणारी

"देवाक मागसून सांग. आता दम राखून ठेव," ती म्हणाली, आणि माझ्या बाळाचा पाय बाहेर आला. डोकं नाही. पाय.

मी पहिलटकरीण, तरी हे उलटं आहे एवढं मला कळलं. दुपार होती. लालबागच्या आमच्या चाळीत सगळ्यांनी दारं लावून घेतली होती, कारण खाली नाक्यावर गोळीबार चालला होता आणि अश्रुधुराने गॅलरीत उभं राहवत नव्हतं. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. नवरा सकाळीच मोर्च्याला गेलेला, तो कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. इस्पितळात नाव घातलं होतं, पण इस्पितळ रस्त्यापलीकडे, आणि आमची सुईणही रस्त्यापलीकडच्याच चाळीत. सासूने गॅलरीतून तिला हाक मारली. सुईण तिच्या गॅलरीत आली, खाली रस्त्याकडे बोट दाखवलं आणि आत गेली. तिचंही बरोबर होतं. गोळी कोणाला सुईण म्हणून सोडत नाही.

मग ही आली, आमच्याच चाळीतली. कोणी बोलावलं नव्हतं. हात कोपरापर्यंत धुतलेले, पदर कमरेला खोचलेला. सासू दारात आडवी उभी.

"तू नको."

"मग कोण? तू? तुझे हात बघ कशे कापतत ते. बाजूक सर, वयनी."

सासू सरली नाही. ही तिच्या हाताखालून वाकून आत शिरली. बुटकी होती, म्हणून जमलं.

सासूने दार का अडवलं ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही तिला उगाच वाईट ठरवाल. माझ्या लग्नाच्या आधी गिरणीत एक संप झाला, तो फार लांबला. घराघरांत चुली विझल्या, तरी बायाबापड्या गेटवर बसून राहिल्या. तशात एका सकाळी ही डोक्यावरून पदर घेऊन, पोलिसांच्या मधून चालत, गेटातून आत कामाला गेली. चाळीतली पहिली तीच. तिला अडवायला पुढे झालेल्यांत माझा धाकटा दीर होता. त्याच्या हातावर लाठी बसली. हाड नीट जुळलं नाही, गिरणीने त्याला परत घेतलं नाही, तो गावी गेला तो गेलाच. तेव्हापासून चाळीत तिचं नाव गेटवाली. तोंडावर नाही म्हणत, पण ती जिना उतरायला लागली की बोलणं थांबायचं. हळदीकुंकवाला विधवा म्हणून तिला बोलावत नव्हतेच, पण बारशाला, पूजेला, कशालाच बोलावत नव्हते.

ती का गेली आत? मला माहीत नाही. घरात कोणी आजारी नव्हतं, पोर नव्हतं, भाऊ नव्हता. कोणी म्हणे कामगार भरणाऱ्या जॉबरने धमकावलं, कोणी म्हणे हावरटपणा. तिने कधी सांगितलं नाही. "माका इचारू नको," एवढंच. हे तिचं दोन नंबरचं आवडतं वाक्य. एक नंबरचं, "देवाक मागसून सांग."

लग्न होऊन आले आणि सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात मला तिच्या शेजारचीच जागा मिळाली. आमचं वैर आहे असं घरात धरलेलंच होतं. पण आठ तास शेजारी उभं राहून वैर धरवत नाही, पाय दुखतात. तिने मला गाठ मारायला शिकवलं. धागा तुटला की बाकीच्या बाया "आई गं, देवा" करत टोक शोधायच्या. ही म्हणायची, "देव काय चाकाखाली बसलो हा? देवाक मागसून सांग, आधी टोक धर." एकदा एकीचं बोट यंत्रात सापडून फाटलं. ती आपली गावच्या सातेरीदेवीला हाका मारतेय. हिने बोट दाबून हात वर धरायला लावला आणि म्हणाली, "आता मार हाका, कितीव मार. माझी हरकत नाय."

त्यावरून सगळ्यांनी ठरवलं की ही नास्तिक. संप फोडणारी आणि देव न मानणारी, म्हणजे हिशोब एकदम जुळला. मला काही जुळेना. कारण चाळीच्या गणपतीत मी तिला पाहिलं होतं.

आम्ही कोकणातली माणसं. आमच्यात देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एक जाणता पुरुष उभा राहून देवाला मोठ्याने सगळं सांगतो. अमक्याला पोर होऊ दे, तमक्याला काम लागू दे. प्रत्येक मागण्याला जमलेली सगळी माणसं एका आवाजात म्हणतात, "व्हय महाराजा." हा व्हय हवाच. त्याच्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. एकट्याने मागितलेलं देव ऐकत नाही म्हणा, किंवा ऐकतो पण मनावर घेत नाही म्हणा. तर ही जिन्याच्या तोंडाशी हात जोडून उभी असायची, शेवटपर्यंत, पण व्हयला तोंड उघडायची नाही.

मी सरळ माणूस. दुसऱ्या दिवशी खात्यात विचारलं, "काकी, देव मानत नसाल तर हात कशाला जोडता? आणि मानत असाल तर गप्प का?"

"मानतंय गो. मागणंय नाय. मागूक तोंड लागता."

"तुम्हाला काय तोंड नाही?"

"बोलूक हा. मागूक नाय." आणि माझ्या चातीकडे बघून, "तुझो धागो तुटलो."

घरी सासूला मी हे सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "तोंड नसतला कसा? गेटातून आत जाताना होता ना तोंड? पदरात लपवलेला." मग थोडा वेळ खडे निवडून म्हणाली, "मागूचा सगळ्यांनी. चोरानव मागूचा. देव काय आपलो जॉबर हा, तोंड बघून काम देणारो?" सासूची श्रद्धा ही अशी होती. चोराला देवापुढे जागा होती, पण गेटवालीला आमच्या दारात नव्हती. मी हसले तर म्हणाली, "दार माझा हा. देवाचा नाय."

माझं म्हणाल तर मी दिवा लावते, कारण सासू लावायची. त्यापलीकडे मी फार खणलं नाही.

तर ती दुपार. बाळाचा एक पाय बाहेर आणि पुढे काही सरकेना. मी ओढा ओढा म्हणून ओरडत होते. तिने ओढलं नाही. तिची आई गावी सुईण होती, हे मला त्या दिवशी कळलं. "ओढला तर मान अडकात. आपसूक येवंदे," म्हणाली, आणि गरम पाण्यात पिळलेलं फडकं त्या पायाला गुंडाळून, हात नुसते खाली धरून बसली. असं बसणं किती कठीण ते मला आज कळतं. तेव्हा वाटलं, ही सूड घेतेय.

सासूला काही करायला नव्हतं. पाणी तापवून झालं होतं. ती देवाच्या फळीपुढे उभी राहिली आणि गाऱ्हाणं घालायला लागली. बाईने गाऱ्हाणं घातलेलं मी कधी ऐकलं नव्हतं, तिनेही घातलं नसेल. पण पुरुष एकही नव्हता.

"बा देवा महाराजा, ही माझी सून आज अडली हा. तिची हातीपायी सुखरूप सुटका कर रे महाराजा."

आणि थांबली. सवयीने थांबली, व्हयसाठी. खोलीत कोण होतं? शेजारणी आपापल्या दारांमागे. मी अशी. खाली रस्त्यावर बूट वाजत होते. सासू भिंतीकडे तोंड करून उभी, आणि गाऱ्हाणं तसंच लोंबकळत राहिलेलं. सासू मागे वळली नाही. तिला हिच्याकडे व्हय मागायचाही नव्हता आणि हिच्यावाचून पुढे जाताही येत नव्हतं.

माझ्या पायांकडून आवाज आला. "व्हय महाराजा."

अगदी साधा आवाज. बादली भरली का म्हटल्यावर भरली म्हणावं, तसा. नजर माझ्यावरून हलली नाही.

सासूची पाठ ताठ झाली ते मी पाहिलं. पण ती पुढे गेली. "बाळाक उजेड दाखव रे महाराजा." "व्हय महाराजा." "माझो झील बाहेर गेलो हा, तेका घराक आण रे महाराजा." "व्हय महाराजा." दुसरा पायही आला, कंबर आली. मग सासू त्या जागी आली, जी प्रत्येक गाऱ्हाण्यात शेवटी येतेच. जिभेला वळण असतं ते. "आणि हय जमलेल्या कोणाच्या हातून काय चूकभूल झाली आसात, ती पोटात घाल रे महाराजा."

ही गप्प.

सासूला तेव्हा कळलं आपण काय बोललो ते. तिने पुन्हा म्हटलं, जरा हळू. "चूकभूल पोटात घाल रे महाराजा."

ही गप्पच. हात जागेवर, डोळे जागेवर, ओठ मिटलेले. आणि सासू गाऱ्हाणं पुरं झाल्याशिवाय तिथून हलणार नव्हती.

शेवटी मीच म्हटलं. कळ येत होती, दातांतून कसंबसं म्हटलं, "व्हय महाराजा." मोठं मन वगैरे काही नव्हतं त्यात. मला वाटलं, हे एकदाचं संपू दे.

"आता," ती म्हणाली. "आता सगळो दम लाव. वयनी, हय ये, हिच्या पोटावर हात ठेव. दाबू नको, मी सांगान तेव्हा दाब." सासू आली. दोघींची डोकी एकमेकींना लागत होती. हिने एक बोट आत घालून बाळाची हनुवटी छातीशी आणली आणि डोकं निघालं. बाळ निळं होतं. तिने त्याच्या तोंडातलं पुसलं, पाठ चोळली, फुंकर घातली, पुन्हा पाठ चोळली. मग ते रडलं. मुलगी.

नवरा दुसऱ्या दिवशी आला, पायाला फडकं बांधून, लंगडत.

पाचवीला सुईणीला मान द्यायचा असतो. सासूने सुपात तांदूळ आणि नारळ घेतला आणि स्वतः तिच्या दारी गेली. मी आमच्या दारातून ऐकत होते. "सुईणीचो मान सुईणीक," सासू म्हणाली. "संपाचा त्याच्यात काय नाय. ता तसाच हा."

"तसाच ठेव," ही म्हणाली. "मान नको. तांदूळ ठेव."

बाळंतपण आटपून मी कामावर गेले तेव्हा तिला विचारलं. राहवलं नाही. "काकी, बाकी सगळ्याला व्हय म्हणालात. तेवढ्याच एकाला का नाही?"

तिने बॉबिन बदललं. "तुझी सुटका तुझा काम. तेका मी व्हय म्हटलंय. माफी माझा काम. तुझ्या बाळंतपणात माझा गाठोडा कित्याक घुसवू? एवढ्याशा वाटेतून तुझा पोर येयना, त्याच्यात माझा गाठोडा."

"मग मी म्हटलं ना तुमच्या वतीने."

"तू म्हाताऱ्येक गप करूक म्हटलंस. माका काय कळाक नाय?" आणि ती हसली. तिचे पुढचे दोन दात नव्हते. "देवान ऐकला आसात तर आसात. माका इचारू नको."

त्यावर आमचं पुन्हा कधी बोलणं झालं नाही. तिने केलं ते वाईट होतं. माझ्या दिराचा हात आयुष्यभर वाकडा राहिला, ते मी आजही विसरत नाही. आणि तिने ओढलं नाही, हेही विसरत नाही. एकाने दुसरं पुसलं जात नाही. लोकांना ते पुसायची घाई असते, एकीकडून नाहीतर दुसरीकडून.

पायाकडून जन्मलेल्या पोराला आमच्यात पायाळू म्हणतात. पाठीत उसण भरली की पायाळूने पाय लावला की जाते, असा समज. माझी मुलगी चालायला लागल्याबरोबर चाळीतली माणसं पाठी घेऊन यायला लागली. जे गेटवालीला पाणी देत नव्हते ते आमच्या जमिनीवर पालथे पडायचे आणि माझी पोर त्यांच्या पाठीवर पाय ठेवायची. एका रविवारी हीसुद्धा आली, कमरेवर हात ठेवून, वाकडी चालत.

सासू चुलीपाशी होती. "देवाक मागसून सांग म्हणतंस ना? मग आता कित्याक इलंस?"

"देवाकडे नाय इलंय. पोरीकडे इलंय." आणि दारातच थांबली.

सासूने तिच्याकडे पाहिलं नाही. सांडशीने भांडं उतरवलं. "दारात पालथी पडतलंस काय? येणाऱ्याजाणाऱ्याक अडचण. आत हो."

ती आत आली आणि पालथी पडली. पोरीने दोन्ही पाय ठेवले आणि खाली उतरेचना, वर उभी राहून नाचायला लागली. सासू पदराआड हसत होती. "रवांदे गो," खालून आवाज आला, "बरा वाटता."

महाराष्ट्र मिळाला त्यानंतर थोड्याच काळाने तिच्या डोळ्यांना धागा दिसेनासा झाला. बहिणीचा मुलगा येऊन तिला गावी घेऊन गेला. मी फाटकापर्यंत गेले. ती म्हणाली, "पोरीक माडीवरून खाली वाकू देव नको." दुसरं काही नाही. पुढल्या शिमग्याला गावाहून आलेल्या कोणीतरी जाता जाता सांगितलं, ती गेली. सासूने त्या संध्याकाळी दिवा लावला आणि देवापुढे पुटपुटली, मला ऐकू आलं नाही, आणि नंतर माझ्याकडे वळून बघत राहिली. मी म्हटलं, व्हय महाराजा.

सासूलाही जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्या दुपारी पाय आधी आला, तरी मी वाचले, आणि मुलगी वाचली.