मरळ जिवंत होती

बिराजदार सर गेल्याची बातमी आली तेव्हा आम्ही लातूरला नव्या कलेक्टर कचेरीसमोर धरणं धरून बसलो होतो. उदगीरहून आलेल्या एसटीचा कंडक्टर मुद्दाम वळून आला आणि म्हणाला, "तुमचे मास्तर लिंगैक्य झाले. दुपारच्याला." आमच्या संघटनेतल्या माधवनं मांडीवर कागद घेतला आणि तिथंच मसुदा लिहिला. मथळा होता, 'विषारी पाण्याचा पहिला बळी'. कागद त्यानं माझ्या हातात दिला, कारण संघटनेची पत्रकं मीच नीट करून छापायला देतो. या गोष्टीला पाच आठवडे झाले. ते पत्रक निघालं नाही. का निघालं नाही, हे सांगायचं तर सर काय करायचे तिथून सुरुवात करावी लागते.

सर उदगीरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. घर लिंगायत व्यापाऱ्याचं, भावाचं किराणा दुकान. जन्मात मासा तोंडात घातला नाही, आणि उभी हयात माशांची पोटं फाडण्यात गेली. ओढ्यावर पोचलं की गळ्यातलं लिंग सदऱ्याच्या आत सारायचं, वरची गुंडी लावायची आणि मग सुरी हातात घ्यायची, हा क्रम कधी चुकला नाही. सोबत टवके उडालेली एक पांढरी ताटली आणि लाकडी फूटपट्टी. घरी आल्यावर हे सामान अंगणातल्या नळापाशी राहायचं. आत न्यायचं नाही, असा त्यांच्या आईचा दंडक होता. आई गेली तरी सरांनी तो पाळला. हा काय भोळसटपणा, असं मी एकदा तोंडावर म्हणालो. सर म्हणाले, "ताटलीला वाईट वाटत न्हाई रे. अव्वाला वाटलं असतं."

ओढ्यातला मासा काय खातो, हा त्यांचा विषय. वर्गात पुस्तकातून शिकवलेलं माझ्या डोक्यात काही राहिलं नाही, पण ओढ्याच्या काठावरचं राहिलं. तोंड वर वळलेलं असेल तर तो मासा पाण्यावरचे किडे टिपणार, तोंड खाली असेल तर तळ धुंडाळणार. मल्या नावाचा बोटभर मासा आहे. त्याच्या हनुवटीखाली चकती असते. तिनं तो दगडाला चिकटतो आणि वाहत्या पाण्यातलं हिरवं शेवाळ खरवडतो. त्याचं आतडं गुंडाळी करून बसवलेलं असतं. ताटलीत उलगडलं की माशाच्या कितीतरी पट लांब निघतं, कारण हिरवं पचायला वेळ लागतो. मरळ मात्र दुसऱ्या माशांना गिळते, तिचं आतडं आखूड. "मासा कुठं जेवतो ते तोंड सांगतं, काय जेवला ते पोट सांगतं," असं सर म्हणायचे. माझं पहिलं पत्रक त्यांनी दोनदा वाचलं आणि परत देताना म्हणाले, "तू मरळ हायस. दिसलं की गिळलं, गिळलं की बाहेर. जरा मल्यासारखं लांब आतडं ठेव."

तेव्हा आम्ही नव्या जिल्ह्यासाठी लढत होतो. जिल्हा झाला की पाणी येईल, हे वाक्य माझंच. जिल्हा झाला आणि पाठोपाठ दोन दुष्काळ आले. उदगीरजवळच्या एका गावाखाली ओढ्याचा एकच डोह उरला. त्याच्या कडेला झिरा खणून अख्खं गाव पाणी भरायचं. एका सकाळी डोहावर मासे पांढरी पोटं वर करून तरंगताना दिसले. वरच्या अंगाला रस्त्याचं काम चालू होतं. ठेकेदाराची डांबराची पिंपं काठावर पडलेली होती. मला एवढं पुरेसं होतं. ठेकेदारानं विष कालवलं, हे वाक्य मी सायकलवरून येता येताच जुळवलं होतं. त्याखाली फक्त सरांची सही हवी होती.

सर आले, दगडावर बसले, गुंडी लावली. एकेका मल्याचं आतडं उलगडून त्यांनी फूटपट्टीला लावलं. आतड्याचा मागचा भाग हिरवा होता आणि पुढचा नुसत्या गाळानं भरलेला. गावातली सोनाबाई घागर टेकवून बघत उभी होती. तिला समजेल असं सरांनी सांगितलं. आधी खाल्लेलं मागं सरकतं. कालपर्यंत हे मासे दगड चाटत होते, मग एकाएकी दगड उघडे पडले आणि गाळच खावा लागला. उन्हानं पाणी आटतं ते सावकाश, हे एका दिवसात उपसलंय, आणि उरल्या पाण्यात माशांचा जीव गुदमरलाय. मग कुणीतरी चिखलातून मरळ धरून आणली. ती वळवळत होती. सरांनी तिचं पोट फाडलं तर आत तीन मल्ये. मरळ तोंड वर काढून हवा घेते म्हणून जगली. आणि विष असतं तर हे तीन गिळून ती कशी जगली असती?

"इंजिन लावून पाणी उपसलं, असं लिही," सर म्हणाले. "सही करतो. विष लिहू नको."

मी म्हणालो, उपशावर कुणी पेटून उठत नाही, विषावर उठतं. सरांनी वाद घातला नाही. झिऱ्यापाशी गेले आणि सगळ्यांच्या देखत ओंजळभर पाणी प्याले. सोनाबाई म्हणाली, "मास्तर, नगा पिऊ." ते आणखी एक ओंजळ प्याले.

मी विषच लिहिलं. सहीशिवाय छापलं. पत्रक तालुकाभर गेलं आणि चांगलंच पेटलं. आठवड्याच्या आत सरकारी माणसानं डोहावर पाटी ठोकली, 'पाणी पिण्यास अयोग्य'. पाणी पिण्याजोगं नाहीच, तर रस्त्याच्या कामाला घ्या, अशी परवानगी त्याच ठेकेदाराला मिळाली. आता तो उजळ माथ्यानं इंजिन लावून बसला आणि चार दिवसांत डोहाचा तळ उघडा पडला. बायका दुसऱ्या गावच्या विहिरीवर जाऊ लागल्या. सोनाबाई वाटेत भेटली तेव्हा घागर खाली न ठेवताच बोलली, "मास्तरनं पिऊन दावलं, तरी आमी तुज्या कागदाला खरं मानलं."

हे मी सरांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "पुढचं नीट लिही."

पुढचं म्हणजे हे. सरांना हृदयाचा विकार दोन वर्षांपासून होता. भिंग ठेवायच्या खिशातच गोळ्यांची पुडी असायची. डॉक्टरांनी लिहून दिलंय ते हृदयाचंच. पण डोहाचं पाणी पिऊन मास्तर गेले, असं बाजारात बोललं जातं. ते माझ्या पत्रकातून उगवलेलं आहे, आणि माधवचा मसुदा त्यालाच खत घालणार होता. ठेकेदार पाणीचोर आहे, हे मी आजही छातीठोकपणे म्हणतो. सरांना मारलं त्यानं नाही.

लिंगायत रिवाजाप्रमाणे बसलेल्या अवस्थेत सरांना माती दिली, त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. मसुदा खिशात होता. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, अंगणात होत्या. हा कागद कसला, असं त्यांनी विचारलं, मी वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"त्या दिवशी डोहावरनं आले," काकू म्हणाल्या, "आणि रोज दोन भाकरी खाणारा माणूस चार खाल्ला. वर ताक मागितलं."

मी मसुदा फाडला. ताटली नळापाशी पालथी होती, फूटपट्टी तिला टेकवून ठेवलेली. आत नेऊन ठेवू का, मी विचारलं. काकू नको म्हणाल्या. पट्टीवर अकराव्या इंचाला शाईची बारीक रेघ होती, सरांच्या हातची. तिच्या एका बाजूला त्यांनी 'हिरवं' लिहिलं होतं, दुसऱ्या बाजूला 'गाळ'.