चुंबकाचं फडकं

विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीतल्या सरकारी प्रशिक्षण केंद्रात मी लेथवर लोखंड कातायला शिकवतो. सरकारने नवी मशीनं दिली, तेव्हाच्या पहिल्या तुकडीत पन्नाशीची एक बाई होती. मशीनला हात जोडल्याशिवाय ती बटण दाबायची नाही. तास संपला की बाकीचे निघून जायचे. ती मात्र फडक्यात चुंबक गुंडाळून खाली पडलेला लोखंडाचा कीस गोळा करायची. आतला चुंबक काढला की सगळा कीस डब्यात पडायचा.

एकदा मी जरा त्रासूनच म्हटलं, "रहने दीजिए, सफाईवाली आएगी."

"बीस साल फैक्टरी में मैं ही सफाईवाली थी, सरजी," ती हसून म्हणाली. "उँगलियों में बहुत चुभता है."

दुसऱ्या दिवशी मीही घरून एक जुनं फडकं घेऊन गेलो.