कोपराला लावलेला गूळ

आमच्या कॅम्पातला एक नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण माणसं तो इकाम्यापेक्षा, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यापेक्षा, जास्त जपायची. शिक्का बसल्याशिवाय चांगली बातमी तोंडातून काढायची नाही. सुट्टी मंजूर होवो, बहिणीचं लग्न ठरो, आधी बोललं की नजर लागलीच म्हणून समजा. एकाने गावी जायचं तिकीट सगळ्या खोलीला दाखवलं आणि आठवड्यात त्याची सुट्टी रद्द झाली. तेव्हापासून लोक थेट विमानतळावरून फोन करायचे, ‘‘निघालो रे!’’ मी या प्रकाराला हसायचो आणि नियमही पाळायचो.

रियाधच्या कडेला, अल सुलैमध्ये आमचं पाइपांचं यार्ड होतं. मी तिथे वेल्डर. आमचा फोरमन माझ्याच भागातला, खाडीपलीकडच्या गावचा. परदेशात माणूस आपला वाटायला एवढं पुरतं. आम्ही कोकणातले पाच वेल्डर त्याला भाऊ म्हणायचो. सुट्टीवर गेला की तो माझ्या घरी खजूर पोचवायचा, बायकोच्या हातचे घावणे खायचा आणि परत आल्यावर मला सांगायचा, ‘‘पोरगी उंच झाली रे तुझी.’’ त्या एका वाक्यावर मी आठवडाभर हळवा असायचो. त्याला ते चांगलं ठाऊक होतं.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याने मला गॅस सिलिंडरच्या पिंजऱ्यामागे बोलावलं.

‘‘आपला सुपरवायझर ईदनंतर कायमचा चाललाय,’’ तो म्हणाला. ‘‘त्याची जागा वेल्डरांतूनच भरणार. तोवर सहा महिने तुझ्या जॉइंटला रिपेअर येऊ देऊ नको. तुझं नाव मी पुढे करतो. इकाम्यावरचा हुद्दा बदलला की फॅमिली आणशील. तुला म्हणून सांगतोय. कुणाला बोलू नको हां, नजर लागते.’’

वेल्डरच्या इकाम्यावर आम्हाला बायकोपोरं आणता येत नव्हती. माझी मुलगी पाचवीत पोचली होती, आणि तिची बरीचशी वर्षं मी फोनवरच पाहिली होती. मला आणखी काय हवं होतं?

रिपेअर म्हणजे काय ते सांगतो. प्रत्येक जॉइंटचा एक्स-रे निघतो. आत बारीक बुडबुडा दिसला तरी तो भाग घासून काढून पुन्हा वेल्डिंग करायचं, आणि तुमचा नंबर ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लागतो. माझा नंबर सतरा. फळ्याचा जुना रहिवासी.

त्या दुपारनंतर सतरा नंबर फळ्यावरून उठला. हात थरथरू नये म्हणून मी सकाळचा चहा सोडला. संध्याकाळी पाण्याने भरलेले कॅन उचलून दंड कमवायला लागलो, कॅम्पाच्या भिंतीला फेऱ्या मारायला लागलो. गणिताच्या मास्तरांना भिऊन नववीत शाळेला रामराम ठोकलेला मी, इन्स्पेक्शनचे इंग्रजी कागद फोनवर शब्द शोधत वाचायला लागलो. आणि समजायला लागले की! आजवर मी स्वतःला ढ समजत होतो. मी ढ नव्हतो, मला फक्त कुणी कारण दिलं नव्हतं. खोटं का सांगू, ते सहा महिने मी फार सुखात होतो.

माझ्या खालच्या खाटेवरचा दापोलीचा गडीही त्याच सुमारास कॅन उचलायला लागला. मी विचारलं, तर म्हणाला, ‘‘पाठ धरलीय.’’ मीही म्हणालो, ‘‘माझीपण.’’ दोघं पाठ धरलेले घाम गाळत राहिलो. बाकीचे तिघंही ग्राइंडर हातात घेऊन एकेक कड तासन्‌तास साफ करत बसायचे. मला वाटायचं, माझं बघून सुधारतायत बिचारे.

त्या उत्साहात मी एक गोष्ट केली. मुलगी गणितात कच्ची होती. एका शुक्रवारी बायको विहिरीवर गेलेली असताना मी तिला फोनवर म्हणालो, ‘‘पहिल्या तिनात ये. तुला आणि आईला इथे घेऊन येतो. कुणाला सांगायचं नाही मात्र, नजर लागते.’’ तिने मान डोलावली. नंतर बायको कौतुकाने सांगायची, ‘‘पोरीला काय झालंय कळत नाही, पहाटे उठून पाढे म्हणते.’’

ईद झाली. पहिल्याच दिवशी जेद्दाच्या ऑफिसातला नवा सुपरवायझर गाडीतून उतरला. त्याची नेमणूक कधीच झालेली होती. दापोलीकराने हातातलं हेल्मेट जमिनीवर आपटलं. ‘‘मला सांगितलं होतं त्यानं! पिंजऱ्यामागे नेऊन सांगितलं होतं!’’

‘‘तुला?’’ दुसरा म्हणाला. ‘‘अरे, मला सांगितलं होतं.’’

पाचही जण तसेच फसलेले निघालो. तीच जागा, तीच फॅमिली, तीच नजर. एकाने जरी तोंड उघडलं असतं तर दुसऱ्याच दिवशी सगळं उघड झालं असतं. पण आम्ही उघडणार नाही याची भाऊला खात्री होती, कारण तो आमच्यातलाच होता. परका फोरमन असता तर त्याला हे सुचलंही नसतं.

आम्ही त्याच्यापुढे जाऊन उभे राहिलो. तो चहा पीत होता.

‘‘अरे, हात सुधारले की नाही तुमचे?’’ तो म्हणाला. ‘‘फळा बघा, कोरा आहे. मी काय वाईट केलं? पुढच्या वर्षी बघू, इन्शाल्ला.’’

कोपराला गूळ लावणं म्हणतात ते हेच. त्याने पाच कोपर माखले आणि आम्ही सहा महिने माना वाकड्या करत राहिलो. माझ्या घरचे घावणे खाल्लेला माणूस! मला त्याच्या हातातला कप उडवून द्यावासा वाटला. उडवला नाही, याचा राग अजून आहे.

त्या आठवड्यात माझ्या तीन जॉइंटना रिपेअर आले. मी मुद्दाम काही केलं नव्हतं. डोळे तेच होते, हात तोच होता, दंड तर आधीपेक्षा भरलेला होता. पण रॉड धरला की हाताला कुठे जायचं ते कळेना. सतरा नंबर पुन्हा फळ्यावर आला.

शुक्रवारी घरी फोन लावला. बायको आत स्वयंपाकात होती. मुलीने फोनसमोर प्रगतिपुस्तक धरलं. वर्गात दुसरी आली होती. गणिताच्या खाली बाईंनी शाबासकी लिहिली होती.

‘‘आता कधी यायचं, बाबा?’’ तिने हळूच विचारलं.

खरं सांगायला मी तोंड उघडलं, शपथ. आणि बाहेर आलं ते असं, ‘‘पुढच्या वर्षी बघू हं, बाळा.’’

तिने प्रगतिपुस्तक खाली घेतलं. आतल्या दाराकडे एकदा पाहिलं आणि फोन तोंडाजवळ आणला.

‘‘मी कुणालाच सांगितलं नव्हतं, बाबा,’’ ती म्हणाली. ‘‘खरंच. आईलापण नाही.’’