मामांच्या कानातलं मशीन आणि माझं डिझेल इंजिन

गेल्या गुरुवारी दुपारी थेरगावच्या आमच्या घरात डायनिंग टेबलावर रूळ मांडून बसले होते. गुरुवारी कंपनीला सुट्टी, त्यामुळे तो दिवस माझ्या छोट्या आगगाड्यांचा. चाळिशी ओलांडलेली बाई गाडी-गाडी खेळते म्हणून ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्या... माझी काही हरकत नाही.

गावाकडच्या घराला रंग चाललाय, म्हणून सासू-सासरे सध्या आमच्याकडे आहेत. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो आणि सासूबाईंना आत्या. मामा निघोज्याचे. थोडी शेती आणि जोडीला जन्मभर कंपनीत पत्रे ठोकायच्या प्रेस शॉपची नोकरी... त्या दणदणाटात कान गेले.

मागे आम्ही मोठ्या हौसेनं त्यांना कानाचं मशीन आणलं होतं. थोडे दिवस लावलं आणि मग डबीत ठेवून दिलं. "निस्ता कालवा हाय त्यात," म्हणाले. आम्हाला वाटलं, म्हातारा माणूस, हट्ट करतोय.

मग आम्ही सगळे ओरडून बोलायला लागलो. ओरडून ओरडून दमलो, तसं बोलणंच कामापुरतं उरलं. जेवायला चला... गोळी घेतली का... झोपा आता. भरल्या घरात माणूस एकटा पडत चालला होता, आणि मला ते बघवत नव्हतं.

तर गुरुवारी माझ्या नव्या डिझेल इंजिनात साउंड डिकोडर बसवला होता. म्हणजे नखाएवढी एक चिप. इंजिनाची घरघर, हॉर्न, ब्रेकची किंचाळी, सगळे आवाज तिच्यात भरलेले असतात, आणि लॅपटॉपवर पट्ट्या सरकवून प्रत्येक आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता येतो. नवी चिप आली की सगळंच एका पट्टीत ठणाणा करत असतं. ते आपल्या खोलीला, आपल्या कानाला जमवून घेण्यात माझे गुरुवारचे गुरुवार जातात.

मामा समोर येऊन बसले. बराच वेळ नुसते बघत होते... मग उठून आत गेले, आणि आले ते कानात मशीन घालूनच. इंजिन ऐकायचं होतं त्यांना! मला इतका आनंद झाला की काही विचार न करता मी गाडी सोडली आणि करकचून ब्रेक लावला.

मामांनी दोन्ही हातांनी कान दाबले. "आगं बंद कर, बंद कर! डोस्क्यात शिरतंय!"

मी ब्रेकचा आवाज अगदी खाली आणला. घरघर थोडी वाढवली, हॉर्न जरा मऊ केला आणि भीत भीत परत गाडी सोडली.

"व्हय... आता कसं गाडीवानी वाटतंय," मामा म्हणाले. चेहरा असा खुलला! हॉर्न परत वाजवायला लावला. परत एकदा. शेवटी शेजारच्या वहिनी दारातून डोकावून गेल्या.

मग त्यांनी विचारलं, "दुकानातनं आणलं तवाच आसं व्हतं का गं?"

"नाही मामा," मी सवयीनं ओरडून सांगितलं, "आपल्याला पाहिजे तसा आवाज बसवून घ्यावा लागतो."

मामांनी कानातलं मशीन काढलं. रुमालानं नीट पुसलं आणि माझ्या लॅपटॉपशेजारी ठेवलं. "मंग ह्याला बी बसव की."

मला हसू येणार होतं. ते ह्याला जोडता येत नाही हो मामा, असं अगदी ओठांवर आलं होतं... आणि मी ते मशीन हातात घेतलं. ते मशीनही डिजिटलच. त्यातही चिपच. आणि विकत आणलं तसंच्या तसं आम्ही ते त्यांच्या कानात घातलं होतं. थोड्या दिवसांनी परत घेऊन या, असं तेव्हा कानाच्या क्लिनिकमध्ये सांगितलेलं. शिफ्ट, ओव्हरटाइम, मुलांच्या परीक्षा... कुणी गेलंच नाही.

शुक्रवारी रजा टाकली आणि मामांना चिंचवडला त्याच क्लिनिकमध्ये नेलं. तिथल्या मॅडमनी मशीन कॉम्प्युटरला जोडलं, आणि स्क्रीनवर माझ्या ओळखीच्याच पट्ट्या उघडल्या. हा आवाज खाली, तो वर. मामांना विचारायचं, थांबायचं, पुन्हा विचारायचं. "गेलेलं सगळं परत येणार नाही काका," हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. रिक्षात मामा सारखे कानाशी हात नेत होते. मला वाटलं, हेही परत डबीतच जाणार.

संध्याकाळी मामा जेवायला बसले, मशीन कानातच. आत्या भाकऱ्या करत होत्या. मामांना ऐकू जात नाही, म्हणून त्यांच्यासमोरच स्वतःशी बोलायची आत्यांना सवय लागून गेलीय. तव्यावरची भाकरी उलटत त्या नेहमीसारख्या पुटपुटल्या, "खात्यात निस्तं खाली मान घालून. चांगलं झालंय म्हून एक दिवस सांगतील तर शपथ."

"चांगलं झालंय की कालवण," मामा म्हणाले. "रोजच चांगलं आसतंय."

आत्या गर्रकन वळल्या. तव्यावर भाकरी करपत होती, तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. डोळ्याला पदर लावत म्हणाल्या, "मंग इतकी वर्सं सांगायला काय झालं व्हतं?"

"तू इचारल्यालं ऐकू आलं तर सांगनार ना."

मामांना आपलं कौतुकच नाही, असं आत्यांना वाटत राहिलं. आपल्याशी आता कुणी बोलत नाही, असं मामांना वाटत राहिलं. तुमच्या घरात कुणाचं मशीन डबीत पडून असेल, तर उद्याच मशीन आणि माणूस, दोघांना घेऊन परत जा... कुणीतरी कधीचं काहीतरी विचारून बसलेलं असेल.