मावशीची मान

त्या घोडेस्वारीच्या शाळेत त्याला सगळे पणकाका म्हणत. तोंडावर नुसतं काका, पाठ वळली की पणकाका. कुणी काहीही सांगितलं, की त्याचं उत्तर ‘पण’ने सुरू व्हायचं. आज हवा छान आहे म्हणा, तो म्हणणार, “पण किती वेळ?” गवताची गाडी वेळेवर आली म्हणा, तो म्हणणार, “पण आजच कशी वेळेवर आली?” बायको सांगायची, लग्नाला होकार देतानासुद्धा हा माणूस ‘पण’ म्हणाला होता, आणि त्या ‘पण’च्या पुढे काय होतं ते तीस वर्षांत तिला कळलेलं नाही.

तो तिथला सगळ्यात जुना मोतद्दार. घोडे धुणं, खरारा करणं, खुरं साफ करणं, दाणापाणी बघणं हे त्याचं काम, आणि सगळ्यांवर पाळत ठेवणं हे त्याने स्वतःहून अंगावर घेतलेलं काम. दाण्याच्या खोलीच्या दाराशी एक लाकडी पेटी होती. तिथे बसलं की फाटक दिसायचं, रिंगण दिसायचं, सगळ्या घोड्यांची ठाणं दिसायची. पाठीला भिंत. पाठीमागे कुणी उभं राहिलेलं त्याला आयुष्यात खपलं नाही. घरीसुद्धा जेवायला बसताना तो दाराकडे तोंड करून बसायचा.

समोरच्या ठाणातल्या तपकिरी घोडीचं नाव मावशी. खरं नाव काहीतरी ऐटबाज होतं, ते कागदावरच राहिलं. नव्या मुलांना पहिल्यांदा पाठीवर घ्यायचं काम तिचं. मूल रडलं तर ती थांबायची, घसरायला लागलं तर स्वतः थोडी सरकून त्याला पुन्हा मधोमध आणायची. शाळेतली निम्मी मुलं तिच्या पाठीवर शिकली होती आणि उरलेली निम्मी तिच्या पाठीवरून पडली होती. काकाचा तिच्यावर जीव होता. ज्या जगात कुणाचाच भरवसा नाही, त्यात एक घोडी त्याला भरवशाची वाटत होती, आणि ही त्याच्या मानाने फार मोठी गोष्ट.

तर ही मावशी डावीकडे वळेना. उजवीकडे वळायची, पण डावीकडे लगाम ओढला की मान ताठ करायची, कान मागे टाकायची, आणि एकदा तर अडखळून गुडघ्यावर आली. पाठीवरची मुलगी वाळूत पडली. लागलं नाही, पण मालकीणबाईंनी ते बघितलं. डॉक्टरांनी चारी पाय तपासले, पायात काही नाही म्हणाले. दात बघितले, दातही ठीक. मालकीणबाई म्हणाल्या, “महिनाभर देते. तेवढ्यात नीट झाली तर ठीक. नाहीतर हिला विकावं लागेल. वळता न येणाऱ्या घोडीवर मी मुलं बसवणार नाही.”

म्हाताऱ्या घोडीला कोण विकत घेतं आणि कशासाठी, हे तिथे कुणी मोठ्याने बोललं नाही. काका त्या दिवशी दुपारी जेवलाच नाही.

दोन दिवसांनी मालीशवाली आली. ठेंगणी, आखूड बोटांची, स्कूटरवरून येणारी बाई. आधी इस्पितळात हातपाय आखडलेल्या माणसांना चोळायची, आता तबेल्यातबेल्यांतून घोड्यांना चोळत फिरते, असं तिनेच सांगितलं. काकाच्या मनात लगेच पाल चुकचुकली. माणसांना सोडून घोड्यांकडे का आली? माणसं तक्रार करतात म्हणून तर नाही?

तो खांबाला टेकून उभा राहिला आणि डोळ्यांत तेल घालून बघू लागला. बघण्यासारखं काही घडेचना. बाईने घोडीच्या मानेवर तळहात ठेवला आणि नुसती उभी राहिली. मग अंगठ्याने कानामागून खाली, इंच इंच. एका जागी थांबली, तिथेच दाबून धरलं. घोडीने शेपूट झटकली. बाईने दाब कमी केला, हात मात्र उचलला नाही. पाचेक मिनिटं अशी गेली. आणि मग मावशीने भलीमोठी जांभई दिली. पाठोपाठ दुसरी, तिसरी. डोळे अर्धे मिटले, खालचा ओठ लोंबायला लागला, जीभ बाहेर येऊन चाटायला लागली.

चार वर्षांपूर्वी मावशीच्या पोटात कळा आल्या, तेव्हा ती अशीच जांभया देत होती.

“काय दिलंत तिला?” तो ओरडला.

“काही नाही दिलं, काका. घोड्याचा आखडलेला भाग सुटला की तो जांभया देतो. चांगलं लक्षण आहे.”

“पण माझ्या घोडीला मी ओळखतो!”

“ओळखत असालच,” बाई शांतपणे म्हणाली. “उजव्या बाजूने मान अशी दगड कधीपासून झाली?”

याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून त्याला तो प्रश्नच संशयास्पद वाटला.

बाई हात धुवायला गेली, तेव्हा त्याने तिची पिशवी उघडली. दोन फडकी, एक ब्रश आणि तेलाची छोटी बाटली. बाटली त्याने खिशात घातली. चोरी नव्हे, तपास! घरी येऊन त्याने ते तेल स्वतःच्या मनगटाला चोळलं, जेवला, आणि काय होतं ते बघत बसला. पंधरा मिनिटांत गाढ झोपला. दुपारच्या जेवणानंतर तो तीस वर्षं असाच झोपत आला होता, पण त्या दिवशीची झोप त्याला पुरावा वाटली.

“गुंगीचं औषध आहे यात,” उठल्यावर त्याने बायकोला सांगितलं.

बायकोने बाटली हुंगली, बोटाला लावून बघितली. “खोबरेल आहे, अहो. हाताला भेगा पडत असतील बिचारीच्या. पुढच्या वेळी मुकाट्याने परत ठेवा. आणि जरा इकडे सरकून बसा हो जेवायला. तुम्हाला दार दिसलं पाहिजे म्हणून तुम्ही त्या कोपऱ्यात, आणि तुमच्याशी दोन शब्द बोलायचे तर मी अशी पिळवटून बसायचं. माझीच मान धरली आहे. मला नाही कुणी मालीशवाली आणत!”

तो सरकला नाही. बाटली मात्र बाई पुन्हा आली तेव्हा परत केली, आणि “खाली पडली होती” असं सांगितलं. बाई नुसती हसली. तेही त्याला आवडलं नाही.

गंमत अशी, की मावशी सुधारली. चोळल्याच्या दुसऱ्या दिवशी रिंगणात ती डावीकडे छान वळली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मान पुन्हा ताठ. पुढच्या आठवड्यात बाईने पुन्हा तासभर चोळलं, पुन्हा जांभया, पुन्हा तीन दिवस सुख, आणि चौथ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

बाई तिसऱ्यांदा आली तेव्हा तिने मानेवरून हात फिरवला आणि कपाळाला आठी घातली. “काका, मी सोडवते आणि कुणीतरी परत आवळतं. हे एका दिवसाचं दुखणं नाही. हिला रोज तासन्तास कुणीतरी उजवीकडे मान वळवून ठेवायला लावतंय. नीट लक्ष ठेवाल?”

झालं! वणव्याला वारा मिळाला. लक्ष ठेवाल, असं याला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. त्या दिवसापासून काका पेटीवरून हलला नाही. शिकवणारे सर लगाम एका हाताने धरतात का, हे त्याने पाहिलं. खोगीर उलटंसुलटं करून त्याची शिवण तपासली. झाडूवालीला विचारलं, की तू मावशीला कुठल्या बाजूने हाक मारतेस? ती म्हणाली, “मी कशाला हाक मारू? ती काय माझी मावशी आहे?” त्याने तिचंही नाव मनातल्या यादीत घातलं.

आणि मग नालबंद आला. वीस वर्षांचा दोस्त. दोघांनी एका बाकावर बसून किती चहा प्यायला असेल याची गणती नाही. नाल ठोकताना त्याने मावशीची दोरी उजव्या कडीला बांधली, आणि काका उठून त्याच्यासमोर उभा राहिला.

“सापडलास! तू करतोस हे. किती वर्षं उजवीकडे बांधतोयस?”

“अरे, दीड महिन्यातून एकदा येतो मी. अर्ध्या तासाचं काम. डोकं ठिकाणावर आहे का?”

“पण तुझाच भाऊ म्हाताऱ्या घोड्यांचा व्यापार करतो ना? बरा डाव आहे.”

नालबंदाने हातोडा खाली ठेवला. बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. मग उरलेला नाल ठोकला, एकेक खिळा मोजून मापून, हत्यारं गुंडाळली आणि म्हणाला, “पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला बोलव.” चहा तसाच बाकावर निवत राहिला.

काकाला वाईट वाटलं, हे खरं. पण वाईट वाटलं म्हणून संशय कमी होत नाही. तो घरी आला, जेवायला बसला, आणि सगळी हकीकत बायकोला ऐकवली. ती ऐकता ऐकता मान चोळत होती.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“काय व्हायचंय? रोजचंच. तुमच्याकडे बघून बघून धरली. सांगितलं ना त्या दिवशी.”

त्याचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नेहमीसारखी गवताची जाळी भरली, मावशीच्या ठाणात टांगली आणि पेटीवर येऊन बसला. फाटक बघितलं. रिंगण बघितलं. सर, झाडूवाली, गाडीवाला, सगळे आपापल्या जागी. मग त्याने मावशीकडे बघितलं. मावशी त्याच्याकडे बघत होती.

जाळी पुढच्या गजांच्या उजव्या कोपऱ्यात होती, उंचावर. खाली पाण्याची टाकी, त्यामुळे सरळ उभं राहायला जागाच नाही. घोडी अंग भिंतीला लावून उभी होती आणि मान उजवीकडे वर पिळून गवताची काडी काडी ओढत होती. गजाला घासून मानेवरचे केस झिजले होते. ते त्याने खरारा करताना शंभर वेळा पाहिले होते.

जाळी पूर्वी तिथे नव्हती. मागच्या भिंतीशी होती, अगदी खाली, आणि खाताना मावशीची शेपूट त्याच्याकडे असायची. चार वर्षांपूर्वी ती पोटदुखीने लोळली. डॉक्टर म्हणाले, गवताचा एखादा भारा बुरसटलेला असेल. त्याला ते पटलं नाही. कुणीतरी काहीतरी चारलं, असं त्याच्या मनाने घेतलं. मग त्याने स्वतःच्या हाताने भिंतीत कडी ठोकली, पेटीवरून तिचं तोंड दिसेल अशा कोपऱ्यात, आणि चार वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ तिने काय खाल्लं ते डोळ्यांनी बघितलं. तिच्या प्रेमापोटीच बघितलं, यात शंका नाही. पण रोज चार-पाच तास तिची मान पिळली जात होती, आणि साऱ्या तबेल्यावर नजर ठेवणाऱ्याने फक्त स्वतःवर ठेवली नव्हती.

तो उठला, आणि कुणी बघतंय का हे न बघता ठाणात शिरला. जाळी सोडली. कडी पकडीने उपटून काढली, तेव्हा भिंतीचा पोपडाही आला. गवत मागच्या कोपऱ्यात जमिनीवर पसरलं. मावशी क्षणभर घुटमळली. मग वळली, मान खाली घातली आणि खायला लागली. त्याने तिच्या मानेवर तळहात ठेवला, बाई ठेवायची तसा. कानामागे खरंच दगड होता. “चुकलो गं,” तो म्हणाला, आणि त्याला रडू आलं.

मालकीणबाईंच्या मुदतीला आठ दिवस उरले होते. बाईला त्याने स्वतः निरोप धाडला. ती आली, मागच्या कोपऱ्यातलं गवत बघितलं, भिंतीतलं भोक बघितलं आणि काही न विचारता कामाला लागली. या वेळी तिने त्याचा अंगठा धरून मानेवर टेकवला आणि किती दाबायचं ते दाखवलं. रोज दहा मिनिटं तो ते करू लागला. चौथा दिवस आला आणि गेला, मान आखडली नाही.

ठरल्या दिवशी मालकीणबाई आणि डॉक्टर रिंगणाच्या कठड्याशी उभे राहिले. सरांनी मावशीला डावीकडे फिरवलं. पहिल्या फेरीत ती जराशी अडली. दुसऱ्या फेरीत मान वळली, पाय वळले, आणि अख्खी घोडी गोलात फिरली. डॉक्टर म्हणाले, “चालेल. लहान मुलांना चालीवर फिरवायला अगदी चालेल.”

“पण बाई म्हणत होत्या, कुणीतरी हिची मान वळवून ठेवत होतं,” मालकीणबाई म्हणाल्या. “काका, सापडलं का कोण ते?”

सर, झाडूवाली, मालीशवाली, सगळे तिथेच होते. गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं. जिला कळलं होतं, ती मालीशवाली पायाने वाळू सारखी करत होती.

“सापडलं,” काका म्हणाला. “मी.” आणि जाळीची गोष्ट सांगितली. पूर्ण, काही न लपवता. मालकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “ती कडी मला आणून द्या,” आणि ऑफिसात निघून गेल्या. नोकरी गेली की राहिली हे त्याला संध्याकाळपर्यंत कळलं नाही. संध्याकाळी उद्याच्या कामाच्या फळ्यावर त्याचं नाव मावशीच्या नावासमोर नेहमीसारखं लिहिलेलं दिसलं.

नालबंदाच्या घरी तो तीनदा गेला. तिसऱ्यांदा दार उघडलं. पुढच्या खेपेला नालबंद आला, नाल ठोकले, आणि काम झाल्यावर पेटीच्या दुसऱ्या टोकाला बसला. मध्ये दोन माणसांची जागा सोडून.

समोर मावशी मागच्या भिंतीशी खात होती. इकडून दिसत होती ती फक्त शेपूट आणि दोन मांड्या.

“आता ती काय खाते ते तुला दिसत नसेल,” नालबंद म्हणाला.

“नाही दिसत.”

“मग कसं करतोस?”

काकाने दोन पेल्यांत चहा ओतला. ठाणातून गवत चावल्याचा आवाज येत होता, करकर, करकर, मध्येच एक फुरफुर.

“ऐकतो,” तो म्हणाला, आणि चहाचा एक पेला त्याच्याकडे सरकवला.